म्हैस उलटली म्हणजे राहिलीच नव्हती असं नसतं

मार्च संपत आलेला, सकाळचे सहा वाजलेले आणि तात्यांचा फोन. "ताई, ती मोठ्या शिंगाची परत उलटली बघा, रात्रभर रेकत होती, आत्ता सोट टाकलाय. राहिलीच नव्हती ओ ती, कांडीच खराब घातली त्या पोरानं." उलटली म्हणजे भरवल्यावर परत माजावर आली, राहिली म्हणजे गाभण राहिली, सोट म्हणजे माजातला चिकट स्राव, आणि कांडी म्हणजे भरवताना आत सोडायचं गोठवलेलं वीर्य. मी विचारलं भरवली कधी होती, तर म्हणे "झालं की आता, संक्रांतीनंतर कधीतरी." तारीख नाही. तारीख माझ्याकडे होती कारण त्या म्हशीची सोनोग्राफी मीच केली होती. ३ फेब्रुवारीला भरवलेली, ६ मार्चला म्हणजे ३१व्या दिवशी मी मशीन लावलं, पडद्यावर काळं पाणी दिसलं, पाण्यात हरभऱ्याच्या दाण्याएवढा पांढुरका ठिपका आणि त्या ठिपक्यात मधोमध काहीतरी लुकलुकत होतं. ते लुकलुकणं म्हणजे काळीज. तात्यांनाही दाखवलं होतं, चष्म्याशिवाय त्यांना काय दिसलं देव जाणे पण हां हां म्हणाले होते.

म्हणजे म्हैस राहिली होती. आणि २८ मार्चला, ५३व्या दिवशी, ती माजावर होती. मधल्या तीन आठवड्यांत गोठ्यात कुणी काही म्हणजे काहीच बघितलं नव्हतं. रक्त नाही, वास नाही, शेपटी स्वच्छ, दूध तेवढंच, वैरण तेवढीच. तात्या म्हणाले, "मग ते गेलं कुठं?"

बरोबर प्रश्न आहे. सात महिन्यांची गाभण म्हैस गाभडली, म्हणजे तिचा गाभ पडला, तर गोठ्यात दिसतं, पण महिना-दीड महिन्याचा गाभ म्हणजे बोटाच्या पेराएवढा मऊ जीव आणि थोडं पाणी. तो मेला की बऱ्याचदा पिशवीतच (गर्भाशयात) विरघळतो, अंगात जिरतो, नाहीतर थोडा चिकट स्राव होऊन रात्री शेणामुतात निघून जातो आणि सकाळी खराटा फिरला की संपलं. त्यामुळे हे नुकसान कुणाच्या हिशोबातच येत नाही. आपल्याकडे सगळ्याला एकच शब्द, "उलटली". पण त्या एका शब्दाखाली वेगवेगळ्या गोष्टी लपलेल्या असतात आणि प्रत्येकीचा इलाज वेगळा असतो, म्हणून आधी ती उलटली कशी ते कळायला पाहिजे.

थोडं आतलं सांगते. माज ओसरल्यावर काही तासांनी अंडाशयावरून अंडं सुटतं, आणि ते जिथून सुटलं त्या जागी एक गाठ तयार होते. पुस्तकात तिला पीतपिंड म्हणतात, पिवळी गाठ. (गाईत ती खरंच पिवळी असते, म्हशीत राखाडी-गुलाबीकडे झुकते, पण नाव पडलं ते पडलं.) ही गाठ प्रोजेस्टेरॉन बनवते आणि गाभ टिकवणारं हार्मोन ते हेच. इकडे अंड्याचं आणि वीर्याचं मीलन अंडाशयाकडून पिशवीकडे येणाऱ्या नळीत होतं, साधारण चार-पाच दिवसांनी तो गोळा पिशवीत उतरतो, सहाव्या-सातव्या दिवशी आपलं कवच फोडून बाहेर येतो, म्हशीत हे गाईपेक्षा एखाद-दोन दिवस आधीच होतं. मग तो लांबत जातो, गोल मण्याचा दोरा होतो, गाईत तर सतराव्या दिवसापर्यंत चांगला वीतभर लांब. आणि गंमत म्हणजे इतके दिवस तो कुठंही चिकटलेला नसतो! वार नाही, नाळ नाही, पिशवीच्या अस्तरातून जो रस पाझरतो त्याच्यावरच जगतो, आणि तो रस किती पाझरणार ते ठरतं प्रोजेस्टेरॉनवर. गाठ कमजोर तर रस कमी, रस कमी तर दोरा बारका.

आता सोळाव्या-सतराव्या दिवसाच्या आसपास पिशवी हजेरी घेते. दोऱ्याने एक रसायन सोडायचं असतं, इंटरफेरॉन टाऊ त्याचं नाव, म्हणजे "मी आहे" असा निरोप. निरोप पोचला तर गाठ राहते. नाही पोचला तर पिशवी प्रोस्टाग्लँडिन सोडते, गाठ विरघळते, हार्मोन खाली येतं आणि एकविसाव्या दिवसाच्या आगेमागे म्हैस माजावर. दोरा जिवंत आहे पण बारका आहे, आवाज क्षीण आहे, तरी गैरहजेरीच लागते.

म्हणून १८ ते २४ दिवसांत उलटली तर दोनपैकी काहीतरी एक झालेलं असतं, बीज फळलंच नाही किंवा फळून पहिल्या दोन आठवड्यांत गेलं, आणि बाहेरून हे दोन वेगळे ओळखू येत नाहीत, कितीही मोठा डॉक्टर आणा. पण २८, ३३, ३८ अशा आडनिड्या दिवशी उलटली तर संशय बळावतो, हजेरी बहुतेक लागली होती आणि गाभ नंतर गेला. बरोबर ४२ दिवसांनी उलटली तर घोटाळा आहे, कारण मधला एकविसाचा माज मुका गेला आणि तुम्हाला कळलाच नाही असंही असू शकतं. म्हशीचा माज मुका, हे काय मी सांगायला पाहिजे का, गायी एकमेकींवर उड्या मारतात आणि म्हैस फार तर पहाटे दोनदा रेकते, थेंब थेंब मुतते, एका वेळचं दूध चोरते आणि परत रवंथ करत बसते.

तारखेशिवाय यातलं काहीच सांगता येत नाही. तात्यांच्या घरी भिंतीवर कॅलेंडर आहे, त्यावर गॅस कधी लावला ते आहे, दुधाच्या बिलाची उचल आहे, भिशी कुणाला लागली तेही आहे. म्हैस भरवल्याची तारीख नाही.

आणखी एक प्रकार आहे आणि मला विचाराल तर तो सगळ्यात महागात पडतो. आतला गाभ मरतो पण गाठ जागेवरच राहते, विरघळत नाही. मग म्हैस उलटतच नाही. मालक खूश, उलटली नाही म्हणजे राहिली, कुणाला दाखवत नाही, चार-पाच महिन्यांनी पोट का धरेना म्हणून हात घालून बघितलं तर पिशवी रिकामी. गोठ्यात एका म्हशीवर दिवसाला अडीचशे रुपये जातात असं धरलं तरी पाच महिन्यांचे साडेसदतीस हजार झाले, आणि पुढचं वेत लांबलं ते वेगळंच. त्यात एखाद्याने गाभण समजून दूध काढणं बंद करून आटवलेली असते.

आता म्हशीतच हे का जास्त जाणवतं. एक तर म्हशीची ती गाठ मुळात गाईपेक्षा लहान असते, अंडाशयात रुतलेली असते आणि हार्मोनही कमी बनवते. दुसरं, म्हैस ही दिवस लहान व्हायला लागल्यावर फळणारी जात. आपल्याकडे पावसाळा संपता संपता ते थंडीपर्यंत म्हशी चांगल्या भरतात आणि उन्हाळ्यात गप्प होतात, हे गवळ्यांना पिढ्यान् पिढ्या माहिती आहे. यावर खूप काम झालंय ते इटलीत, नेपल्सच्या बाजूला. तिथं म्हशीच्या दुधाचं मोझरेला चीज करतात, त्याला मागणी उन्हाळ्यात, म्हणून तिथले शेतकरी म्हशींना मुद्दाम हंगाम सोडून भरवतात, म्हणजे दिवस मोठे होत असताना. नेपल्स विद्यापीठातले ज्युसेप्पे कांपानिले आणि त्यांचे सहकारी वर्षानुवर्षं या म्हशी तपासत आलेत, आणि त्यांना दिसलं ते असं की हंगाम सोडून भरवलेल्या म्हशींत २० ते ४० टक्के गाभ जाऊ शकतात, त्यातले बरेच २५ ते ४५ दिवसांच्या दरम्यान, आणि ज्यांचे गाभ जातात त्यांच्यात बऱ्याच जणींचं प्रोजेस्टेरॉन आधीपासूनच कमी असतं. पंचवीस ते पंचेचाळीस म्हणजे कुठला काळ, तर दोरा पिशवीला चिकटायला लागतो, वारेची गुंफण सुरू होते तो. रोप लावलंय पण मुळं अजून धरली नाहीत तशी गत. तात्यांच्या म्हशीचा गाभ याच खिडकीत गेला.

आता कुणी म्हणेल इटलीचं आम्हाला काय. अगदी बरोबर, तो आकडा उचलून जसाच्या तसा दौंडला लावू नका. नेपल्सला सगळ्यात मोठा दिवस सव्वापंधरा तासांचा आणि सगळ्यात लहान जेमतेम नऊ तासांचा, पुण्यात सव्वातेरा आणि अकरा. आपल्याकडे उजेडाचा फरक तेवढा नाही. पण आपल्याकडे त्याच महिन्यांत दोन गोष्टी जमून येतात, ऊन आणि वैरण.

उन्हाचं बघा. काळी कातडी, विरळ केस, आणि घामाच्या ग्रंथी गाईच्या मानाने फारच कमी. म्हैस पाण्यात बसते ती हौस म्हणून नाही, अंगातली उष्णता काढायला दुसरा धड मार्गच नाही तिला. पूर्वी कॅनॉल होता, ओढे होते, आता पत्र्याचा शेड आणि खाली कोबा, दुपारी दोनला त्या पत्र्याखाली पाच मिनिटं उभं राहून बघा. अंगाचं तापमान वाढलं की सगळ्यात आधी मार बसतो तो नुकत्याच फळलेल्या बिजाला, पहिले काही दिवस ते फार नाजूक असतं. म्हणून फेब्रुवारीनंतर भरवली असेल तर किमान दोन-तीन आठवडे तरी दुपारी पाण्याचा पाइप धरा, दिवसातून दोन-तीनदा, नाहीतर फॉगर लावा, पत्र्यावर पाचट टाका. यात पैसे फार जात नाहीत. लोक इंजेक्शनला हजार रुपये काढतील पण पत्र्यावर पाचट टाकायला माणूस मिळत नाही म्हणतील, ते एक असो.

वैरणीचं मात्र जरा सविस्तर बोलायला पाहिजे. आपल्या पट्ट्यात, यवत, केडगाव, उरुळी, खाली बारामतीपर्यंत, साखर कारखाने सुरू झाले की जनावरांपुढे वाढं, म्हणजे उसाचे शेंडे. फुकटात मिळतं, हिरवं दिसतं, म्हशी आवडीने खातात. पण वाढ्यात ऑक्झॅलेट असतं, ते कॅल्शियमला धरून ठेवतं आणि अंगी लागू देत नाही, प्रोटीनही त्यात नावालाच. चार महिने नुसतं वाढं खाल्लेली म्हैस फेब्रुवारीत भरवायला उभी राहते, ती दिसते धडधाकट पण आतून कोरी. वाढं बंद करा असं म्हणणार नाही, कोण ऐकणार आहे, पण निम्म्यावर आणा, कुट्टी करून चुन्याची निवळी शिंपडून द्या, सोबत लसूणघास किंवा चांगला मुरघास (हवाबंद मुरवलेला हिरवा चारा) आणि रोज पन्नासेक ग्रॅम मिनरल मिक्श्चर. ते मिक्श्चर भरवायच्या आदल्या दिवशी सुरू करून उपयोग नाही, दोन महिने आधीपासून पाहिजे. आणि बुरशी आलेला मुरघास किंवा मका "थोडीशीच आहे, म्हशीला काय होतंय" म्हणून टाकू नका. मक्यावरच्या एका बुरशीचं विष, झिअरालेनोन, ते अंगात जाऊन माजाच्या हार्मोनसारखं वागतं, म्हणजे आपण एकीकडे गाभ टिकवायला बघतोय आणि तोबऱ्यातून उलटा हुकूम जातोय. याच्या उलट दुसरं टोक, दूध वाढावं म्हणून पेंडीवर पेंड आणि युरिया. रक्तात युरिया फार वाढला की पिशवीतलं वातावरण बिघडतं आणि त्या तरंगत्या दोऱ्याला ते मानवत नाही.

आणि विलेल्या म्हशीला दोन महिने होत नाहीत तोवर भरवायची घाई. भरपूर दूध देणारी म्हैस त्या काळात खाते त्यापेक्षा जास्त बादलीत ओतत असते, अंगावरची चरबी उतरत असते. बरगड्या मोजता येतात अशी म्हैस भरवून राहिली तरी टिकायला अवघड.

आता त्या कांडीचं. दरवेळी कांडीलाच शिव्या पडतात आणि कधीकधी ते खरंही असतं. कांडी राहते द्रव नायट्रोजनमध्ये, उणे १९६ अंशांत. बाहेर काढली की ३७ अंशांच्या पाण्यात तीस सेकंद, थर्मामीटर लावून, खिशात नाही, काखेत नाही, हातावर चोळून तर नाहीच नाही. पण इथं फसवं काय आहे ते बघा, कांडी मेलेली असेल तर बीज फळतच नाही, म्हैस एकविसाला उलटते. ३१व्या दिवशी काळीज धडधडलेलं मी बघितलंय म्हटल्यावर त्या कांडीने आपलं काम केलेलं होतं. त्या पोराला उगाच शिव्या बसल्या, मी तात्यांना तसं सांगितलं, तात्या गप्प.

वेळेचं मात्र वेगळं आहे. उशिरा भरवलं तर अंडं शिळं होतं, शिळं अंडंसुद्धा फळू शकतं, पण त्यातून झालेला गर्भ दुबळा आणि तो लवकर मरतो. म्हणून सकाळी माज दिसला तर संध्याकाळी, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी, हा जुना नियम आहे तो पाळा. तो पाळायचा तर माज सुरू कधी झाला हे माहीत पाहिजे, आणि त्यासाठी पहाटे आणि रात्री झोपायच्या आधी असं दोनदा दहा मिनिटं गोठ्यात नुसतं बसावं लागतं, मोबाइल न बघता. सोट कसा आहे तेही बघा, काचेसारखा स्वच्छ आणि लांब तार येणारा चांगला, पांढुरका-पिवळा पुवासारखा असेल तर आत इन्फेक्शन आहे, तेव्हा कांडी भरू नका, आधी इलाज.

एक गोष्ट मी ओरडून सांगते. गाभण म्हशीसुद्धा कधीकधी माज दाखवतात. थोड्याच दाखवतात पण दाखवतात. आणि उलटली म्हणून न तपासता परत भरवायची गन आत घातली की चांगला टिकलेला गाभ आपणच मोडतो. तसंच माजावर आणायचं इंजेक्शन, ते प्रोस्टाग्लँडिनच असतं, म्हणजे गैरहजेरी लागल्यावर पिशवी जे सोडते तेच. गाभण म्हशीला ते दिलं की गाठ गेली आणि गाभही गेला. असं न तपासता दिलेलं इंजेक्शन आणि तीन महिन्यांचा गाभ बादलीत, हे मी बघितलंय, कुणी दिलं ते सांगत नाही. म्हणून २८ मार्चला तात्या "या आणि भरवून जा" म्हणत होते तरी मी आधी मशीन लावलं. काळं पाणी नव्हतं, ठिपका नव्हता, पिशवी रिकामी आणि माजाची. मग पटलं.

रोगराईबद्दल थोडक्यात. ब्रुसेला सगळ्यांना माहीत असतो पण तो बहुतेक वेळा पाच महिन्यांनंतर गाभडवतो, सुरुवातीला नाही. सुरुवातीच्या काळात उलटण्यामागे रेड्यापासून पसरणारे काही रोग असतात, ट्रायकोमोनास, कॅम्पिलोबॅक्टर, गावात एकच रेडा सगळ्यांना लावत असतील तर त्याच्यावर संशय घ्या, चांगल्या कांडीने तो धोका टळतो हा कृत्रिम रेतनाचा मोठा फायदा. एकाच गोठ्यात तीन-चार म्हशींचे गाभ गेले तर रक्त तपासायला द्या. आणि वगारींना (म्हशीच्या मादी वासरांना) चार ते आठ महिन्यांच्या वयात ब्रुसेलाची लस एकदा टोचून घ्या, सरकारी दवाखान्यात मिळते. गाभडलेल्या म्हशीचं काहीही उघड्या हाताने उचलू नका, ब्रुसेला माणसाला होतो.

"ताई, टिकवायचं इंजेक्शन द्या की." हे मला आठवड्यातून चार वेळा ऐकायला मिळतं. आहेत तशी इंजेक्शनं. भरवल्यावर पाचव्या दिवसाच्या सुमारास जीएनआरएच किंवा एचसीजी हे हार्मोन देऊन दुसरी गाठ तयार करायची, किंवा बाहेरून प्रोजेस्टेरॉन द्यायचं, इटलीवाल्यांनी २५व्या दिवशी देऊनही बघितलंय आणि काही ठिकाणी गाभ जाण्याचं प्रमाण कमी झालं. पण सगळीकडे सारखा फरक पडला नाही. ज्या म्हशीत गाठ कमजोर आहे तिथं चालतं, जिथं वैरण आणि ऊन हे कारण आहे तिथं इंजेक्शन काय करणार. मी देते, पण दोनदा-तीनदा आडनिड्या दिवशी उलटलेल्या म्हशीला आणि तारखा बघून. तारखा नसतील तर नाही देत, मग लोक रागावतात.

तपासायचं कधी, तर ३० दिवसांच्या आसपास एकदा सोनोग्राफी, मशीन नसेल तर दोन महिन्यांनी हाताने. पण ३० दिवसांना राहिली म्हणून पेढे वाटू नका, ४५ ते ६० दिवसांत परत एकदा बघायचंच, कारण सगळ्यात घसरणीची जागा मधेच आहे. मी पण पूर्वी एकदाच बघायचे. तात्यांच्या म्हशीनंतर दोनदा बघते, दुसऱ्या वेळचे पैसे घेत नाही नाहीतर कुणी बोलवतच नाही.

तात्यांच्या म्हशीला आम्ही एप्रिल-मे भरवलं नाही. भरवायला ती माजावर आलीच नाही म्हणा. पावसाळाभर मिनरल मिक्श्चर चालू ठेवलं, वाढ्याचा प्रश्नच नव्हता, नेपियर गवत आणि कडबाकुट्टी होती. आणि आली कधी माजावर, तर गौरी जेवायच्या दिवशी, घरात पंधरा पाहुणे, पुरणाचा घाट, आणि ही बया पहाटे पाचला रेकायला लागली. संध्याकाळी भरवली. तात्यांच्या सूनबाईंनी कॅलेंडरवर त्या चौकटीत लाल पेनाने म्हैस काढलीय, शिंगं चौकटीबाहेर गेलीत. गौरी जेवणापासून दसरा म्हणजे जवळजवळ बरोबर महिना. दसऱ्याला मशीन घेऊन जायचंय, आणि त्यानंतर दिवाळीच्या आसपास परत.